सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचे राखणदार : टॉम मॉरिस

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या छोट्या गावातील ओल्ड कोर्स हे जगातील सर्वाधिक ख्यातनाम गोल्फ मैदान मानले जाते. हे मैदान रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावातील कुटुंबे तेथे फिरायला येतात, कुत्र्यांना मोकळे सोडतात आणि आठवडाभर नामवंत खेळाडू ज्या हिरवळीवर चेंडू मारतात तेथे मुले धावत असतात. मोजक्या मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडल्यास हा नियम आजही पाळला जातो. रविवारी न खेळण्यामागे जुनी धार्मिक परंपरा होती. मात्र माणसांप्रमाणे जमिनीलाही विश्रांती हवी, हा त्यामागचा दुसरा विचार गावात रुजवला तो टॉम मॉरिस यांनी. एका विणकराच्या पोटी जन्मलेले मॉरिस सुमारे चार दशके या मैदानाचे राखणदार होते.

गोल्फ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर लष्करी छावणीचा परिसर, कुंपण, फाटकावरील पहारेकरी आणि सदस्यत्वाची प्रतीक्षायादी येते. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ मध्ये कोलकात्यात स्थापन झाला आणि १८४२ मध्ये मुंबईतही असा क्लब निघाला. साहेबांचा खेळ ही त्याची ओळख आपल्याकडे तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. सेंट अँड्र्यूजमध्ये मात्र गोष्ट वेगळी होती. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधील वाळूच्या, खुरट्या गवताच्या पट्टीला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. कोकणातील पुळणीला लागून असलेल्या माळासारखीच ती जागा. नांगर चालत नाही म्हणून कोणाच्या फारशा उपयोगाची नाही आणि म्हणूनच सर्वांच्या उपयोगाची. गावकरी तेथे गुरे चारत, स्त्रिया धुतलेले कपडे वाळत घालत आणि रिकाम्या वेळी लोक गोल्फ खेळत. १५५२ मधील एका सनदेत आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी त्या जागेवर ससे पाळण्याचा आपला हक्क नोंदवताना गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्कही मान्य केला होता. आपल्या गायरानाशी त्याचे साम्य चटकन लक्षात येईल.

गायरानाचे जे होते ते तेथेही झाले. कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने १७९७ मध्ये ही जमीन हातची घालवली. पुढे ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी बिळे खणून मैदानाची चाळण केली आणि गोल्फ खेळणारे व ससे पाळणारे यांच्यात न्यायालयात आणि न्यायालयाबाहेरही वर्षानुवर्षे तंटा चालला. अखेर १८२१ मध्ये शेजारचे जमीनदार आणि स्वतः गोल्फप्रेमी असलेले जेम्स चीप यांनी ती जमीन विकत घेतली आणि खेळ वाचला. त्याच वर्षी, १६ जून १८२१ रोजी, त्याच गावात टॉम मॉरिस यांचा जन्म झाला.

त्यांचे वडील जॉन मॉरिस हातमागावर विणकाम करीत. यंत्रमागांमुळे तो धंदा उतरणीला लागला होता. मुलाला दुसऱ्या कामाला लावणे भाग होते. चौदाव्या वर्षाच्या आसपास टॉम यांना ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. रॉबर्टसन हे त्या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू. जगातील पहिले व्यावसायिक गोल्फपटू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु त्यांचे घर चालत असे ते चेंडू बनवण्याच्या घराण्यातील पिढीजात धंद्यावर.

तो चेंडू म्हणजे चामड्याची पिशवी आणि आत पिसे. चामड्याचे तुकडे शिवून, उलटवून एक लहानसे छिद्र ठेवायचे आणि त्यातून उंच टोपीभर उकळलेली पिसे कोंबायची. त्यासाठी लोखंडी सळईच्या लाकडी मुठीवर छाती टेकवून संपूर्ण अंगाचा भार द्यावा लागे. वाळताना चामडे आकसे, पिसे फुलत आणि चेंडू दगडासारखा कठीण होई. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाला तीन-चार चेंडूच तयार होत. पिसांची धूळ छातीत जाई, हा त्या धंद्याचा शाप होता. रॉबर्टसन यांच्या स्वयंपाकघरातील या कारखान्यातून १८४४ साली २,४५६ चेंडू बाहेर पडल्याची नोंद आहे. टॉम यांनी तेथे आधी उमेदवार आणि मग कारागीर म्हणून अनेक वर्षे काढली. त्याच १८४४ साली त्यांचा ॲग्नेस बेन यांच्याशी विवाह झाला.

काम संपले की गुरू-शिष्य मैदानावर उतरत. दोघे जोडीने खेळत तेव्हा त्यांना हरवणे जवळजवळ अशक्य होते. १८४९ मध्ये मसलबरो येथील डन बंधूंशी त्यांचा ४०० पौंडांच्या पैजेचा सामना झाला आणि पिछाडीवरून येऊन त्यांनी तो जिंकला. पैज लावणारे श्रीमंत असत आणि खेळणारे कारागीर. जिंकलेल्या रकमेतून खेळाडूच्या हाती काय पडेल हे धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. खेळाडू आणि कुस्तीचा आश्रित मल्ल यांच्या स्थितीत फारसा फरक नव्हता, असे म्हणता येईल.

गुरू-शिष्यांची ही जोडी फुटली ती एका नव्या चेंडूमुळे. मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ १८४० च्या दशकात युरोपात पोहोचला. सेंट अँड्र्यूजमधील एका घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती ज्या गटापर्चाच्या तुकड्यांत बांधलेली होती त्यांपासून पहिला चेंडू घडवला गेला, अशी एक कथा गोल्फच्या इतिहासात सांगितली जाते. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी परिणाम निर्विवाद आहे. गरम पाण्यात मऊ करून हातांनी वळता येणारा हा चेंडू स्वस्त होता, टिकाऊ होता आणि फुटला तर पुन्हा वळता येत असे. विणकराच्या मुलाने यंत्रापुढे हातमाग हरताना घरीच पाहिला होता. पिसांच्या चेंडूचे भवितव्य त्यांना कळले असावे. रॉबर्टसन यांना ते मान्य नव्हते. एके दिवशी टॉम नव्या चेंडूने खेळताना त्यांना दिसले, शब्दाला शब्द वाढला आणि टॉम यांनी काम सोडले. काही काळातच रॉबर्टसनही गटापर्चाचे चेंडू बनवू लागले. तोपर्यंत शिष्य गाव सोडून गेला होता.

ती वर्षे मॉरिस दाम्पत्याला कठीणच गेली असणार. त्यांचा पहिला मुलगा, त्याचेही नाव टॉमच होते, १८५० मध्ये चार वर्षांचा असताना दगावला. पुढच्या वर्षी, एप्रिल १८५१ मध्ये, दुसरा मुलगा झाला. स्कॉटिश रीतीप्रमाणे त्यालाही तेच नाव देण्यात आले. हे तान्हे मूल घेऊन मॉरिस कुटुंब पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे गेले. तेथील नव्या क्लबचे प्रवर्तक कर्नल जेम्स ओगिल्व्ही फेअरली यांनी त्यांना मैदानाची देखभाल करण्यासाठी बोलावले होते. वाळूच्या टेकड्यांमधील तोकड्या जागेत मॉरिस यांनी बारा होलचे मैदान आखले. मैदान आखणे हे स्वतंत्र काम असते, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

रॉबर्टसन यांचे १८५९ मध्ये निधन झाले. सर्वश्रेष्ठ खेळाडू आता कोण, हे ठरवण्यासाठी प्रेस्टविक येथे १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ व्यावसायिकांची स्पर्धा घेण्यात आली. ओपन चॅम्पियनशिप म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेचा हाच आरंभ. विजेत्याला लाल चामड्याचा, चांदीने मढवलेला पट्टा मिळायचा होता. रोख बक्षीस नव्हते. मसलबरोच्या विली पार्क यांनी मॉरिस यांना दोन फटक्यांनी मागे टाकले. नंतर मॉरिस यांनी १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार विजेतेपदे मिळवली. १८६२ मधील त्यांचा विजय तेरा फटक्यांचा होता. ओपन स्पर्धेत इतका मोठा फरक पुन्हा कोणालाही साधलेला नाही. विजेत्याला रोख रक्कम प्रथम मिळाली ती १८६४ मध्ये, सहा पौंड, आणि तीही मॉरिस यांनाच. १८६७ मध्ये जिंकताना त्यांचे वय ४६ होते आणि ओपन जिंकणारे सर्वांत वयस्कर खेळाडू हा त्यांचा मान अबाधित आहे.

तथापि खेळाडू मॉरिस यांच्यापेक्षा राखणदार मॉरिस अधिक मोठे होते, असे या लेखकाला वाटते. १८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्यांना परत बोलावले. वेतन वर्षाला ५० पौंड आणि देखभालीच्या खर्चासाठी २० पौंड. साहित्य म्हणून एक ढकलगाडी, एक कुदळ आणि एक फावडे. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक मजूर. एवढ्या बळावर समुद्राच्या वाऱ्याला, सशांना आणि रोज तुडवणाऱ्या शेकडो पावलांना तोंड द्यायचे होते. कागदावर जमीन चीप कुटुंबाची होती आणि देखभालीचा खर्च क्लब करीत असे. खेळण्याचा हक्क मात्र गावातील कोणालाही होता. भिलाईसारख्या आखीव पोलादनगरीत सिविक सेंटरच्या परिसरात संध्याकाळी फिरणारा माणूस सातबारा कोणाच्या नावाचा आहे हे विचारीत नाही. गावातील मोकळी जागा ती आपली, एवढेच त्याला ठाऊक असते. सेंट अँड्र्यूजकरांची भावना हीच होती. अशा सर्वांच्या जागेची झीजही सर्वांकडून होते आणि भरपाई करायला मात्र कोणीतरी एकच असतो.

मॉरिस यांचा मुख्य उपाय वाळू हा होता. हिरवळीवर वाळूचा पातळ थर पसरला की मुळे धरतात, पाणी निथळते आणि गवत दाट येते, हे त्यांच्या लक्षात आले होते. प्रेस्टविक येथे चुकून गाडीतील वाळू सांडली आणि नेमके त्या जागचे गवत तरारले, असे म्हणतात. पुढे जगभरच्या मैदानांवर ही पद्धत रूढ झाली आणि ती आजही वापरली जाते. काटेरी झुडपे तोडून त्यांनी खेळाची वाट रुंद केली. पूर्वी जाणारे आणि परतणारे खेळाडू एकाच अरुंद पट्टीतून समोरासमोर येत. रुंदीकरणाने ती कोंडी फुटली. १८७० च्या सुमारास त्यांनी पहिल्या होलसाठी नवी हिरवळ तयार केली, पुढे अठराव्या होलसाठीही केली. त्यामुळे मैदान आलटून पालटून उलट-सुलट दिशांनी खेळता येऊ लागले आणि एकाच जागी होणारी झीज विभागली गेली. शेतकरी पिकांचा फेरपालट करतो, त्यातलाच हा प्रकार.

गावातील स्त्रियांनी १८६७ मध्ये स्वतःचा क्लब काढला. खांद्यावर हात उचलून फटका मारणे स्त्रियांना शोभत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून केवळ हलक्या हाताने चेंडू ढकलण्यासाठी मॉरिस यांनी त्यांना उंचसखल हिरवळ करून दिली. तिच्या उंचवट्यांमुळे लोक तिला हिमालय म्हणू लागले. तो क्लब आणि त्याचे ते नाव अद्याप टिकून आहे. थोडे पैसे भरून कोणीही तेथे खेळू शकतो. रॉयल अँड एन्शंट क्लबने स्वतःच्या सदस्यत्वाचे दार स्त्रियांना उघडले ते २०१४ मध्ये.

मुलगा टॉमी आता वडिलांपेक्षा सरस खेळू लागला होता. लोक वडिलांना ओल्ड टॉम आणि मुलाला यंग टॉम म्हणू लागले. टॉमी एअर येथील चांगल्या शाळेत, सुखवस्तू घरांतील मुलांबरोबर शिकला होता आणि धन्यापुढे मान लववण्याची जुन्या पिढीची सवय त्याला नव्हती. १८६८ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी त्याने ओपन जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर वडील होते. १८६९ आणि १८७० मध्येही तोच जिंकला. सलग तीनदा जिंकणाऱ्याला पट्टा कायमचा मिळेल असा नियम होता, त्यामुळे पट्टा मॉरिस यांच्या घरी आला आणि देण्यासारखे काही उरले नाही म्हणून १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही. पट्ट्याऐवजी चांदीचा चषक देण्याचे ठरले. १८७२ ची स्पर्धाही टॉमीने जिंकली आणि आज जो चषक जगभर ओळखला जातो त्याच्यावर पहिले नाव त्याचे कोरलेले आहे.

सप्टेंबर १८७५ मध्ये पिता-पुत्र नॉर्थ बेरविक येथे विली पार्क आणि त्यांचे बंधू मंगो यांच्याविरुद्ध खेळत होते. टॉमीची पत्नी मार्गारेट घरी गरोदर होती. त्या काळच्या वृत्तांतांनुसार सामन्याच्या अखेरीस तार आली की तिची प्रसूती बिकट झाली असून त्वरित निघावे. मॉरिस यांनी सामना संपेपर्यंत ती तार मुलाला दाखवली नाही, असेही सांगितले जाते. रेल्वेने वळसा घालण्यात वेळ गेला असता. एका गृहस्थांनी आपली शिडाची नौका दिली आणि दोघे खाडी ओलांडून निघाले. ते घरी पोहोचले तेव्हा आई आणि बाळ दोघेही गेलेले होते. त्यानंतर टॉमी फार थोडे खेळला. हिवाळ्यात, बर्फ पडलेल्या मैदानावर, त्याने एक अनेक दिवस चाललेला सामना पैजेखातर पुरा केला. २५ डिसेंबर १८७५ रोजी, नाताळच्या सकाळी, तो वडिलांच्या घरी अंथरुणात मृतावस्थेत आढळला. वय अवघे २४. फुप्फुसातील रक्तस्रावाने मृत्यू झाल्याचे निदान झाले. पत्नीच्या विरहाने तो गेला, असे गाव मात्र म्हणत राहिले. साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी काढून १८७८ मध्ये जुन्या कॅथीड्रलच्या आवारात त्याचे स्मारक उभारले.

टॉमीच्या आईचे पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, निधन झाले. मॉरिस तेव्हा ५५ वर्षांचे होते आणि त्यांचे निम्म्याहून अधिक काम अजून व्हायचे होते. पहाटे समुद्रात स्नान करण्याचा त्यांचा परिपाठ थंडीवाऱ्यातही चुकत नसे. चर्चचे ते वडीलधारे पदाधिकारी होते. अठराव्या होलच्या कडेला त्यांचे दुकान होते. तेथे काठ्या आणि चेंडू बनत आणि दाराशी पाइप ओढत उभी असलेली दाढीधारी मूर्ती येणाऱ्या-जाणाऱ्याला परिचित झाली. दूरदूरच्या गावांतून मैदान आखून देण्याची निमंत्रणे येत. दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च एवढ्या मोबदल्यात त्यांनी डॉरनॉख, म्यूरफिल्ड, आयर्लंडमधील काउंटी डाउन आणि लहिंच अशी मैदाने आखली किंवा वाढवली. माती हलवायला यंत्रे नव्हती, म्हणून आहे त्या चढउतारांतूनच वाट शोधावी लागे. आज त्याच मैदानांवर खेळण्यासाठी लोक खंड ओलांडून जातात.

दरम्यान जमिनीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८९३ मध्ये रॉयल अँड एन्शंट क्लबने ती चीप कुटुंबाकडून विकत घेतली. खासगी क्लबच्या हाती आपला माळ जाणे गावाला रुचले नाही. हा वाद संसदेपर्यंत गेला आणि १८९४ च्या कायद्यानुसार मालकी जवळजवळ शंभर वर्षांनी नगराकडे परतली. ओल्ड कोर्स सर्वांना खुला राहील आणि त्याचा भार क्लब वाहील, अशी तडजोड झाली. गर्दी वाटली जावी म्हणून शेजारी दुसरे मैदान तयार करण्यात आले. १८९५ मध्ये खुल्या झालेल्या त्या मैदानाच्या आखणीतही मॉरिस यांचा सहभाग होता. गंमत अशी की त्याला अजूनही न्यू कोर्स म्हणतात. १९७४ पासून संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला न्यास या सर्व मैदानांचा कारभार पाहतो. ओल्ड कोर्सवर खेळण्यासाठी कोणत्याही क्लबचे सदस्य असावे लागत नाही. शुल्क चांगलेच चढे आहे हे खरे; परंतु खेळाच्या अनेक वेळा सोडत काढून दिल्या जातात आणि सोडतीत कोणाचेही नाव निघू शकते. पहिल्या आणि अठराव्या होलला छेदून जाणारा सार्वजनिक रस्ता आजही वाहता आहे.

मॉरिस यांनी १९०३ मध्ये काम सोडले. क्लबने त्यांचे पूर्ण वेतन मृत्यूपर्यंत चालू ठेवले आणि चित्रकार सर जॉर्ज रीड यांच्याकडून त्यांचे व्यक्तिचित्र काढून घेतले. व्यावसायिक खेळाडूंना ज्या इमारतीत सदस्य म्हणून प्रवेश नव्हता, त्याच इमारतीच्या भिंतीवर ते लावण्यात आले. अठराव्या होललाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. एव्हाना त्यांची मुले एकापाठोपाठ एक जात होती. जन्मापासून चालू न शकणारा जॉन १८९३ मध्ये गेला, कन्या एलिझाबेथ १८९८ मध्ये आणि उरलेला एकुलता जेम्स १९०६ मध्ये. त्याचे नाव प्रेस्टविकच्या कर्नल फेअरली यांच्यावरून ठेवलेले होते.

२४ मे १९०८ रोजी मॉरिस नेहमीप्रमाणे गावातील न्यू गोल्फ क्लबमध्ये गेले होते. तो रविवार होता, मैदान बंद होते. बैठकीच्या खोलीतून बाहेर पडताना त्यांनी भलतेच दार उघडले, तळघराच्या जिन्यावरून ते कोसळले आणि त्यातच त्यांचे निधन झाले. वय ८६. अंत्ययात्रेला गाव लोटले होते; क्लबचे मानकरी, कॅडी, कारागीर आणि विद्यापीठातील अध्यापक एकत्र चालले. कॅथीड्रलच्या आवारात, भिंतीतील टॉमीच्या पुतळ्यापुढे, पत्नी आणि मुलांजवळ त्यांना पुरण्यात आले. तेथून समुद्र जवळ आहे. मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला.